चौकटीतलं हसू

१२ मार्च
नवी नोकरी, नवं शहर आणि जन्मात पहिल्यांदा माझी एकटीची किल्ली! सातव्या मजल्यावर एकच खोली, पण खिडकीशी खुर्ची मावते. काम वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकून घ्यायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, समोरचा कितीही भडकला तरी हसत बोलायचं, हसू फोनवरूनही ऐकू जातं. मला काय अवघड! आईने तेच तर शिकवलंय, झाकली मूठ सव्वा लाखाची.

२६ मार्च
सगळं बंद झालं. काम आता घरून. मशीन गळतंय, दुरुस्तीला माणूस येत नाही, म्हणून लोक माझ्यावर खेकसतात. मी हसते. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल येतो. कशी आहेस विचारते. मजेत, म्हणते. तेही हसूनच. कॉल संपला की घर खायला उठतं.

१७ एप्रिल
मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, हिच्याकडून शिका, एकटी असून कशी टवटवीत! तळपायाची आग मस्तकात गेली. चार भिंतींशी बोलून दाखवा म्हणावं एकदा. मुद्दाम तोंड पाडून बसले. पण पडद्यावरच्या चौकटीत माझा चेहरा हसतच होता. वाटलं, नेट अडकलं. पण पापण्या लवत होत्या.

२ मे
आईला एकदाचं सांगून टाकलं. झोप नाही, घास उतरत नाही, दिवसभर रडते. आई म्हणाली, ऐकून जीव भांड्यात पडला. चौकटीतले माझे ओठ वेगळंच काही बोलत होते. फोन आपटला. सख्ख्या आईला लेक ओळखू येऊ नये? आरशात पाहिलं, तिथेही हसू. बोटांनी ओठ खाली ओढले. सोडले की पुन्हा वर.

९ मे
दादाला मेसेज केला. बोलले नाही, लिहिलं. ये, मला घेऊन जा. पास काढून निघतो म्हणाला. बॅग भरली.

११ मे
दादा आला. फाटकापाशी त्याला पाहून हंबरडाच फुटणार होता. मास्क काढला — हसू. तोंडातून शब्द आले, मजेत आहे रे, उगाच धावपळ केलीस. मी नाही बोलले. ते — दादा भडकला. जिवाला घोर लावतेस आणि वर दात काढतेस? म्हणाला. अरे, दात काढायला शिकवलं कुणी? तुम्हीच ना सगळ्यांनी —
पाय आपोआप वर घेऊन आले.

११ मे, पुन्हा
दादाची गाडी अजून कोपऱ्यावर आहे. फोनवर कुणाशी तरी तावातावाने बोलतोय. खिडकीतून ओरडून उपयोग नाही, तोंड माझं नाही. हात अजून माझा आहे. हे पान फाडून खाली टाकते.
दादा, जाऊ नकोस. मी मरेन इथे. मला घरी — मी मजेत आहे.
नाही. खोटं आहे ते. दादा, मला — अगदी मजेत. काळजी नसावी.
हात सोड माझा, सोड —
खूप मजेत आ