ग्राइंडर, काटा आणि हिचं नाक

३ फेब्रुवारी, मंगळवार
मिक्सरमध्ये दळलेल्या कॉफीचं एस्प्रेसो होत नाही! आज सिद्ध झालं. अर्धी पूड पिठासारखी, अर्धी खडीसारखी. मशीन आधी गुरगुरलं, मग गप्प बसलं, मग भिंतीवर थुंकलं. मेहुणा परदेशी जाताना हे धूड आमच्या ओट्यावर ठेवून गेला. ‘भावजी, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता, हे काय अवघड?’ चोवीस वर्षांत एकही लिफ्ट माझ्या अंगावर थुंकलेली नाही.

हिने कप संपवला. म्हणाली, ‘छान.’

४ फेब्रुवारी, बुधवार
हा खटाटोप कशासाठी ते एकदा लिहून ठेवतो. नाहीतर दोन महिन्यांनी माझं मलाच कळायचं नाही.

डिसेंबरच्या तापात हिचा वास गेला. नाक आहे तिथेच आहे, वास गेला. ही बिस्किटांच्या कारखान्यात, चव-वास तपासायच्या टेबलावर. एकोणीस वर्षं! कुठल्या भट्टीतला माल जास्त भाजला ते डोळे मिटून सांगणारी बाई. मी बाहेर काय चरून आलो ते दारातच ओळखायची.

डॉक्टर म्हणाले, ‘रोज दोनदा चार वास घ्या. लवंग, लिंबू, साबण, ताजी दळलेली कॉफी. नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. आणि हो, सुरुवातीला चांगले वास घाणेरडे येतात. आले तर घाबरू नका, ती चांगली खूण.’

२ मार्चला कारखान्यात हिची चाचणी आहे. नापास झाली तर पॅकिंगला, कायमची. म्हणजे खोके चिकटवायचे!

लवंग, लिंबू, साबण यात मी काय दिवे लावणार? कॉफी तेवढी माझ्या हातात आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार
कॉफीच्या दुकानात गेलो. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलतो. म्हणाला, ‘आधी ग्राइंडर. मशीन कसलंही चालेल, ग्राइंडर कसलाही चालत नाही.’ पात्याचा नको, पातं दाणे नुसतं तोडतं. दोन दातेरी चकत्यांमधून दाणा भरडून निघाला पाहिजे. म्हणजे जातंच की, पोलादी. मग विजेचा की हाताचा? स्वस्तातल्या विजेच्या ग्राइंडरच्या चकत्या डुगडुगतात, त्याच किमतीत हाताचा ठणठणीत येतो.

मी दांडा धरून हलवून बघितला. झोल नाही.

‘रंग न विचारता झोल बघणारं तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक,’ म्हणाला. घेतला. काळा.

वजनकाटा घेतला. पूड दाबायला पोलादी दट्ट्या घेतला, मशीनबरोबरचा प्लास्टिकचा म्हणजे खेळणं आहे. पुडीतल्या गुठळ्या मोडायला सुयांचं एक यंत्रही तो गळ्यात मारत होता. नको म्हटलं. घरी येऊन बाटलीच्या बुचात चार सुया खोचल्या, झालं यंत्र!

‘माझ्या शिवणाच्या सुया!’ ही म्हणाली.

८ फेब्रुवारी, रविवार
अठरा ग्रॅम दाणे. दळायला दोन मिनिटं. दंड भरून आला. कॉफी बारा सेकंदांत बदाबदा खाली, हवेत पंचवीस-तीस! पाणचट. दळण एक खूण बारीक केलं तर थेंब पडेना.

तिसरा कप हिला दिला. ‘छान.’

१२ फेब्रुवारी, गुरुवार
बावीस सेकंद. आंबट. पण ही म्हणाली, ‘आज थोडासा आला हो वास!’ आला! दंड गेला खड्ड्यात.

१५ फेब्रुवारी, रविवार
ग्राइंडर करकरायला लागला. खोलला, पुसला, तेल दिलं, पुन्हा जोडला. ‘फिरतं तिथे तेल’ असं आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आता कसा लोण्यासारखा फिरतो!

१६ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी हिला कप दिला. डोळे मिटून प्यायली. ‘मस्त! आज तर छानच वास येतोय.’

मग मी माझा कप तोंडाला लावला. लिफ्टच्या रुळाचं तेल! सिंकपर्यंत पोचलो कसाबसा. चूळ भरून वळलो तर हिचा कप रिकामा.

‘काय झालं?’
‘तेल आहे त्यात.’

ही कपात बघत बसली. मग म्हणाली, ‘एकदाही आला नाही हो. एकदाही नाही. तुम्ही काट्यावर दाणा न् दाणा मोजता, सुया टोचता, घड्याळ लावून बसता... कुठल्या तोंडाने सांगू?’

हिने कारखान्यातही हेच सांगून ठेवलंय, सुधारतंय म्हणून. मी विचारलं, ‘आणि चाचणीत काय करणार होतीस?’
‘अंदाजपंचे ठोकणार होते.’

मग रडली. मीही रडलो. मला फार भीती वाटली आज. कामावर अर्धा तास उशिरा पोचलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दुकानदाराला फोन केला. ‘तेल? कॉफीच्या ग्राइंडरला?’

चकत्या तीनदा धुतल्या, वाळवल्या. पाव किलो दाणे दळून फेकले.

२ मार्च, सोमवार
ही चाचणीला बसलीच नाही. साहेबांना खरं काय ते सांगून आली. साहेब म्हणाले, ‘तीन महिने पॅकिंगला जा. तोवर टेबल रिकामं ठेवतो. त्यानंतर माझ्याही हातात नाही.’

घरी आली, चप्पल काढली, म्हणाली, ‘आता मी छान म्हणणार नाही. काही आलं तरच बोलेन.’ मी म्हटलं, बरं.

३ मार्च, मंगळवार
कप संपवला. काही बोलली नाही.

१० मार्च, मंगळवार
नाही.

१९ मार्च, गुरुवार
अठरा ग्रॅम आत, छत्तीस ग्रॅम बाहेर, सत्तावीस सेकंद. वर तांबूस साय! जमलं एकदाचं. इतकी सुरेख कॉफी मी जन्मात प्यायलो नव्हतो. कुणाला सांगू? ही कप ठेवून कामाला गेली.

२२ मार्च, रविवार
ओट्यावर दळत होतो. ही आतल्या खोलीतून ओरडली, ‘अहो, काय जाळताय? शी! टायर पेटवल्यासारखी घाण येतेय!’

ग्राइंडर घेऊन आत पळालो. नाकाखाली धरला. हिला उमासा आला. ‘लांब न्या ते!’ मग एकदम माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘आणा इकडे परत.’