तरंगण्याचा रकाना

सोमवार, ४ तारीख

संध्याकाळी पोहोचले. बसमधून उतरल्याबरोबर धक्क्यावरच्या वाऱ्याने केस पार विस्कटून टाकले आणि मन मात्र ताळ्यावर आणलं. आयुष्यभर मी व्यासपीठांवरून एकच गोष्ट ठणकावून सांगत आले आहे: संकटातल्या माणसाला दया नको असते, तयारी हवी असते. ती तयारी इथे डोळ्यांनी बघायला मिळणार.

खाडीकाठची वस्ती, वादळाचा धोका कायमचा. संस्थेने चार वर्षांपूर्वी बायकांना शिवणकाम दिलं, आणि शिवायला दिली लाइफ जॅकेटं. पोटही भरेल आणि जीवही वाचेल. कल्पना इतकी साधी, की आपल्याला का सुचली नाही याचा हेवा वाटावा. दोन वर्षांपूर्वीचं मध्यावधी मूल्यमापन माझंच. पण ते कार्यालयात बसून, फोटो आणि तक्ते बघून केलेलं. शेरा दिला होता ‘उत्कृष्ट’. आता अंतिम मूल्यमापन. तोच शेरा पुन्हा दिला, की शनिवारी ही जॅकेटं आणखी बारा वस्त्यांमध्ये जायची आहेत. गठ्ठे बांधून तयार आहेत.

माझी खोली शिवणकेंद्राच्या वरच. खाली दहा यंत्रं, कापडाचे तागे, आणि भिंतीवर खुंट्यांची लांब रांग. प्रत्येक खुंटीवर केशरी जॅकेट, छातीवर घराचा क्रमांक, खांद्याला शिट्टी. सतरा खुंट्या रिकाम्या होत्या. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळ्या टेलरमावशी म्हणतात. मार्क द्यायला आलात तर छडीही आणलीच असेल, असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. संस्थेचा समन्वयक हसरा आणि उत्साही आहे. प्रत्येक वाक्यात टक्के, म्हणून बायकांनी त्याचं नाव टक्केराव ठेवलंय. भाजी अळणी झाली तर हा ‘ऐंशी टक्के मीठ आहे’ म्हणतो म्हणे. तोही हसतो.

गेल्या वर्षीच्या वादळात सतरा जण गेले, त्यातली अकरा मुलं. संस्थेच्या अहवालात कारण दिलंय: जॅकेट न घातल्यामुळे. त्या घरांत उद्यापासून जाईन.

मंगळवार, ५ तारीख

सकाळी खाली उतरले तर टेलरमावशी एका बाईच्या मदतीने जॅकेट पिळत होत्या. एकेक पिळायला दोघींची ताकद लागत होती. काल रिकाम्या असलेल्या सतराही खुंट्यांवर जॅकेटं होती, सगळी निथळत होती, आणि बाकीची कोरडी ठणठणीत. पाऊस नाही. मी विचारलं, धुतलीत का. मावशी म्हणाल्या, नाही, सकाळी अशीच येतात. वाळली की संध्याकाळी जातात. दूध येतं म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या, त्यामुळे पुढचा प्रश्न मला सुचलाच नाही.

एक बोट जिभेला लावून बघितलं. खारट.

अकरा जॅकेटं लहान मापाची होती.

दिवसभर घरोघर फिरले. शोकात असलेल्या घरांची मला सवय आहे, पण इथली उत्तरं ऐकून मी थक्क झाले. भोंगा वाजला की काय करायचं, कोणी कोणाचा हात धरायचा, धक्क्यावर कसं जमायचं, पाण्यात पडलं तर आधी दुसऱ्याला कसं उचलून धरायचं, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. इतकी शिकलेली वस्ती मी पाहिली नाही. मग ही माणसं जॅकेट घालायलाच कशी विसरली?

संध्याकाळी सहाला परत आले. सतरा खुंट्या रिकाम्या. खालची फरशी मात्र ओली.

बुधवार, ६ तारीख

नावाडीकाकांकडे दोन तास बसले. त्या दिवशी होडी त्यांचीच होती. सखल भागातली पंचवीस माणसं घेऊन ते निघाले आणि धक्का चाळीस पावलांवर असताना होडी उलटली. त्यांच्यासकट नऊ वाचली. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, जॅकेट कोणी कोणी घातलं नव्हतं? काकांनी बोटं मोजायला सुरुवात केली. वल्ही मारताना आड येतं म्हणून ते स्वतः. मग ज्यांना जॅकेट पुरलं नव्हतं ते आठ जण. तेलाचे रिकामे डबे धरून सगळे वाचले.

बोटं नऊवर थांबली.

म्हणजे उरलेल्या सतरा जणांनी घातलं होतं. सगळ्यांनी. मुलांनी तर आधी घातलं, कारण तसं शिकवलं होतं. काका म्हणाले, हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा लिहून घेणाऱ्याने मान डोलावली. मी जे लिहिलं होतं ते त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं.

टेलरमावशींच्या दोन नाती त्या होडीत होत्या. मावशींनी स्वतः शिवलेलं जॅकेट धाकटीला घातलं होतं. दुपारी यंत्रावरून मान वर न करता त्या एवढंच बोलल्या:

“टाके पक्के होते हो बाई. एकही उसवला नाही. उसवला असता तर पोरी निसटून वर आल्या असत्या.”

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

गुरुवार, ७ तारीख

बांधलेल्या गठ्ठ्यातलं एक जॅकेट काढून कापलं. आत गादीचा स्पंज. कोरडं असताना वजन पाऊण किलो. वीस मिनिटं बादलीत ठेवलं: साडेसहा किलो.

टक्केरावांना समोर बसवलं. पाणी न शोषणारा फोम वेळेवर आला नाही, उद्दिष्टाची तारीख डोक्यावर आली, स्पंज गावातच मिळाला. त्यांनी फोटो काढून पाठवले. वरून शंभर टक्के पूर्ततेचं अभिनंदन आलं. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. मला त्यांचा राग करता येईना, कारण ते फोटो माझ्याच टेबलावर आले होते. फॉर्मही मीच बनवलेला. किती शिवली, किती वाटली, शिलाई कशी, रंग उठून दिसतो का. तरंगतात का, हा रकाना मी छापलाच नव्हता.

वादळाने सतरा माणसं मारली नाहीत. वादळाने होडी उलटवली. बाकीचं काम आम्ही शिकल्यासवरल्या लोकांनी आधीच करून ठेवलं होतं.

संस्थेच्या संचालकसाहेबांना फोन केला. शांतपणे म्हणाले, एक बादली म्हणजे पुरावा नव्हे. अंगात घालून पाण्यात उतरलेलं कोणी बुडाल्याची नोंद आहे का? नसेल तर ट्रक शनिवारी निघेल, तुमच्या शेऱ्यासह किंवा शेऱ्याशिवाय.

बारा वस्त्या.

शुक्रवार, ८ तारीख

दुपारी जेवून वर आले तर खुर्चीवर एक लहान जॅकेट. ओलं. बक्कल लावलेलं, आणि छाती फुगलेली, जणू आत कोणी बसलंय. आत काही नव्हतं.

खाली यंत्रं थांबली. मग शिट्ट्या. दिवसाढवळ्या, त्या खुंट्यांवरून. शिट्टीत पाणी गेल्यावर येतो तसा घोगरा, बुडबुड्यांचा आवाज. बायका मान खाली घालून बसल्या होत्या. एक म्हणाली, तुम्ही आल्यापासून हाका मारतात, आधी नुसत्या यायच्या.

मी भित्री नाही. खुर्चीवरचं ते जॅकेट उचलून खाली आणलं आणि त्याच्या खुंटीला अडकवलं.

साहेबांना कळवलं. उद्या मी स्वतः जॅकेट घालून पाण्यात उतरते.

शनिवार, ९ तारीख

सकाळी दहा. धक्का. ट्रक भरून उभा आहे. टक्केराव व्हिडिओ काढतायत, साहेब फोनवर बघतायत. गठ्ठ्यातलंच नवं जॅकेट घातलंय. मावशींनी बक्कल लावायला नकार दिला, मीच लावलं. कमरेला दोरी, दुसरं टोक नावाडीकाकांच्या हातात. होडी उलटली त्या दिवसापासून काका पाण्यात उतरलेले नाहीत. पाण्यात चालणारी वही, पेन्सिल. दर मिनिटाला नोंद.

मिनिट १ — तरंगतेय. पाणी थंड.

मिनिट ४ — खांदे ओढले जातायत.

मिनिट ७ — जड. फार जड. हनुवटी पाण्यात. बक्कल निघत नाही. टाके खरंच पक्के —

मिनिट ९ — ओठांवर पाणी. आता सगळ्यांना दिसेल.

मिनिट १० — बुडत नाहीये. वर येतेय. खांदे बाहेर. टक्केराव टाळ्या वाजवतायत. तरंगतंय म्हणतात —

मिनिट ११ — तळव्यांखाली हात आहेत. लहान. पुष्कळ. उचलून धरलंय मला. त्यांना शिकवलेलं असं, की आधी दुसऱ्याला —

साहेब म्हणाले, ट्रक सोडा. इंजिन सुरू.

मिनिट १२ — ओरडले. वाऱ्यात कोणाला —

दोरी हलकी लागतेय. गाठ सुटलीय. काकांच्या हातात नुसती दोरी आहे, त्यांना अजून —

हात थरथरतायत खाली. दमलीत पोरं. तरी सोडत नाहीत —

व्हिडिओ चालू आहे. हे खोटं दिसतंय. बारा वस्त्या बघतील की तरंगतं —

बाळांनो, सोडा. बघू दे त्यांना. रडू नका, माझं ऐका, सोडा मला, आत्ताच्या आत्ता —

मिनिट १३ —