मुलाखतीला बाप बाहेर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
तिसरा नकार! इंदापूरच्या दुकानवाल्यानं साधा फोन केला नाही, नुसता मेसेज. माझ्या पोरीला, संस्कृतीला, कॉम्प्युटर येतो, टायपिंग तर बघत राहावं असं. बोलायला तेवढा वेळ लागतो — जन्मापासून जीभ आखडते, त्याला कोण काय करणार? मुलाखतीत तिच्या वतीनं सगळी उत्तरं मीच दिली. एकही चुकलं नव्हतं. तरी नकार! डोकं तापलंय.

९ फेब्रुवारी, रविवार
बारामतीला दीप्तीताईंकडं गेलो. अपंग पोरापोरींना नोकरीचा सल्ला देतात, स्वतः व्हीलचेअरवर. बाई म्हणजे वीज! संस्कृतीला विचारलं, "काय काय येतं तुला?" मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर बसा. इथला नियम आहे."
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना मी बाहेर उभं केलं. आज मलाच!
तासाभरानं पोरगी हसतच आली. हातातल्या नव्या बायोडेटाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं — 'मला बोलायला वेळ लागतो, कामाला लागत नाही. माझं वाक्य पूर्ण होऊ द्यावं.' स्वतःच सुचलं म्हणे तिला! मी दोनदा वाचलं. लई अभिमान वाटला.

१२ फेब्रुवारी
घरी सराव. ही, संस्कृतीची आई, साहेब झाली, प्रश्न विचारायला लागली. मी ओठ दाबून बसलो. एका वाक्याला पाऊण मिनिट! दोनदा माझ्या तोंडून शब्द सुटलाच.
"आवं, तिला बोलू द्या की!" ही खेकसली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
अंथुर्ण्याच्या रोपवाटिकेत मुलाखत. काम कॉम्प्युटरवर ऑर्डरी घ्यायचं — कुणाला कुठली रोपं, कधी पाहिजेत. मी बाहेर, रोपांच्या ट्रेजवळ. खिडकी उघडी, सगळं ऐकू येत होतं.
मालक रणजितराव म्हणाले, "हितं शेतकरी घाईत असत्यात. जमंल का तुला?"
 मी जीभ चावून उभा. मग पोरीचा आवाज, थांबत थांबत — "घाईत... चुकीची रोपं गेली... तर... त्यांचं वर्ष जातंय. मी... चुकत न्हाय."
"व्हय, हे मातर खरं!" मालक हसले.
वाघीण हाय माझी! मला सात जन्मात सुचलं नसतं.

१८ फेब्रुवारी
फोन नाही.

२० फेब्रुवारी
लागली! एक तारखेपासून कामावर. गल्लीभर पेढे वाटले. ही रडली, मीही रडलो. संस्कृती आम्हाला हसत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार
पेढे द्यायला एकटाच दीप्तीताईंकडं गेलो. आत तीन पोरं, आणि तिघांचे आईबाप शेजारी बसून खुशाल बोलतायत! म्हटलं, "ताई, नियम मोडला का तुमी?"
मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तसा नियम कधी नव्हताच, काका. संस्कृतीनं आदल्या दिवशी मेसेज केला होता — माझ्या आबांना बाहेर बसवा, पण त्यांना वाईट वाटणार नाही असं बघा."
घरी आलो तर पोरगी दारातच काहीतरी सांगायला लागली. पायातली चप्पल तशीच ठेवून उभा राहिलो, तिचं वाक्य संपेस्तोवर.