पाळणाघर दोन महिन्यांनीच

अगं,

डोळा लागला होता तुझा, म्हणून उठवलं नाही. जुळ्यांना डॉक्टरीणबाईंकडे मीच दाखवून आणलं. तुझंच खरं निघालं. दोघं दोन महिने आधी आलीत, तर वय डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेपासून धरायचं म्हणाल्या. म्हणजे सहाची नाहीत, चारच महिन्यांची! पालथी पडत नाहीत म्हणून मी उगाच तुझं डोकं खाल्लं.

पाळणाघर दोन महिन्यांनीच. तिथल्या बाई जागा ठेवतायत. तोवर सकाळी मी घरी. दुपारपाळी मागून घेतलीय.

काडी पाच किलो भरली. ढब्बूनं वजनकाटाच भिजवला.

"तू फार घाबरतेस" म्हणालो होतो, ते मागे घेतो.

आता कामावर पळतो. दोघं झोपलीत. नाकाखाली बोट धरून बघत बसू नकोस. मी आत्ताच दोनदा बघितलंय.