मायनस कचरा

३ सप्टेंबर, मंगळवार

प्राचार्य मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. शहरातल्या कॉलेजांमध्ये कचरा कमी करण्याची आणि पुनर्वापराची स्पर्धा होणार आहे. यजमान आपण. नियम लिहायला कोणीतरी हवं. केमिस्ट्रीवाले आजारी, इतिहासवाल्या बाईंचा गुडघा, गणितवाले फोन उचलत नाहीत, म्हणून तुम्ही, असं मॅडम म्हणाल्या. 'म्हणून' हा शब्द घाईत गेला असावा.

वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवतोय. या इमारतीत नियम मला कळतात. बाकीच्यांना ते फक्त लागू होतात.

संकल्प: नियम एका पानात. साधी भाषा. कुणाच्या डोक्याला ताप नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

नियम चौदा पानांत बसले. एकाच बाजूने छापले. दोन्ही बाजूंनी छापलं की कागद केविलवाणा दिसतो. प्रत्येक कॉलेजला प्रतींचा गठ्ठा रवाना. कचरा कमी करायचा तर आधी गांभीर्य हवं.

गाभा सोपा आहे. तीन आठवडे प्रत्येक कॉलेजच्या कचऱ्याचं वजन करायचं. पुनर्वापराला दिलेल्या मालाचं वजन त्यातून वजा. उरलेल्या आकड्याला विद्यार्थिसंख्येने भागायचं. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो जिंकला. एवढ्याला चौदा पानं का लागली, असं हिने विचारलं. बायकोला व्याख्या आणि पोटनियम यांतला फरक समजावून सांगितला. ती मध्येच दूध बघायला गेली.

नदीपलीकडच्या कॉलेजचा समन्वयक कोण, तर माझा साडू. वनस्पतिशास्त्र शिकवतो. माणूस वाईट नाही. फक्त प्रत्येक वेळी बरोबर असतो, आणि वर ते चेहऱ्यावर दाखवत नाही. आमच्या कन्येने गेल्या वर्षी माझं कॉलेज सोडून त्याच्या कॉलेजात ॲडमिशन घेतली. मला काही वाटलं नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं, हे मी तिला महिनाभर रोज सांगत होतो.

साडूच्या कॉलेजात कंपोस्टचे मोठे खड्डे आहेत. खत व्हायला महिने लागतात. म्हणून नियम ११ (ब) घातला: 'स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी दुपारी बारानंतर आवारात शिल्लक असलेला सर्व माल, तो कोणत्याही स्थितीत असो, कचरा समजला जाईल.' कोणावरही रोख नाही. नियम आंधळा असतो.

१० सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या कॉलेजांची बैठक. साडूने ११ (ब) दोनदा वाचला आणि मान हलवली. घाव बसला.

त्याच्या कॉलेजची विद्यार्थी प्रतिनिधी कोण, तर आमची कन्या. घरात बोलली नव्हती. सगळ्यांसमोर उभं राहून तिने विचारलं की कुणी घरची रद्दी आणून कॉलेजचा पुनर्वापर म्हणून दाखवली तर काय. मी म्हणालो, शिक्षणसंस्थांवर विश्वास ठेवायला शिका. इतक्या खालच्या थराला कोण जाईल. टाळ्या पडल्या. नर्सिंग कॉलेजच्या बाई मन लावून काहीतरी लिहून घेत होत्या. असा श्रोता दुर्मिळ.

घरी कन्येला सांगितलं की बापाला असं भर बैठकीत अडवायचं नसतं. ती म्हणाली, मी समन्वयकांना अडवलं, बाबांना नाही. हे साडूचं शिक्षण.

११ सप्टेंबर, सकाळी, दाढी करताना

पुनर्वापराचं वजन कचऱ्यातून वजा होतं. मग पुनर्वापर कचऱ्यापेक्षा जास्त झाला, तर आकडा शून्याच्या खाली जाईल. मायनस कचरा. जगात हे कुणी केलेलं नसणार.

आणि घरची रद्दी आणू नये, असं नियमात कुठेही नाही. मीच लिहिलेत. खालचा थर वेगळा आणि नियमाचा पूर्ण वापर वेगळा.

१६ सप्टेंबर, सोमवार

स्पर्धा सुरू. पहिला हुकूम: आवारातले सगळे कचऱ्याचे डबे उचला. डबाच नसेल तर कचरा टाकणार कुठे. शिपाई माझ्याकडे बघत राहिले. माणसाला नवा विचार पचायला वेळ लागतो.

दुसरा हुकूम: कागदी कप बंद, चहाला आपापला कप आणा. माझा घरी राहिला. केमिस्ट्रीच्या लॅबमधून बीकर मिळालं. चहाला किंचित वेगळी चव होती. जीभ दुपारपर्यंत जड. लेक्चर मुलांना आवडलं, कारण लवकर संपलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

डब्यांविना तिसरा दिवस. अधिकृत कचरा: शून्य.

अनधिकृत कचरा खिडक्यांच्या गजात, बाकांच्या खणात, झाडांच्या कुंड्यांत आणि प्राचार्य मॅडमच्या छत्रीत सापडला. छत्री त्यांनी फाटकाशी उघडली. माझ्या हेल्मेटमध्ये केळ्याची सालं होती. घातल्यावर कळलं. मुलं आता कचरा जपून ठेवायला लागली आहेत, ही संस्काराची पहिली पायरी.

मॅडमनी डबे परत ठेवायला सांगितले. प्रयोग यशस्वी झाल्यामुळे थांबवला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मुख्य मोहीम. सूचना लावली: प्रत्येक विद्यार्थ्याने घरून रद्दी, भंगार, जुनं सामान आणावं. आणेल त्याला हजेरीत सवलत. मी वर्गात उभा राहून आवाहन केलं. मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदाच जागी दिसली.

नेत्याने आधी स्वतः करावं. घरात शोध घेतला. लोखंडी कपाटाच्या तळाशी हिची भरतकामाची मासिकं होती. दोन मोठे गठ्ठे, लग्नाआधीपासूनची. कागद जाड, वजन उत्तम. ही बाजारात गेली होती, म्हणून विचारायचा प्रश्न आला नाही. स्कूटरवर घालून पोचवली.

२३ सप्टेंबर, सोमवार

व्यायामशाळा अर्धी भरली. वर्तमानपत्रं, पंखे, बुटांचे खोके, एक पाळणा, तीन चाकांची सायकल, कुणाच्या तरी आजोबांची लाकडी खुर्ची (आजोबा संध्याकाळी येऊन घेऊन गेले). हजेरीत सवलत म्हटल्यावर एकाने घरचा फ्रीज आणला. चालू होता. त्याची आई शोधत आली.

हिने विचारलं, मासिकं कुठे आहेत. सांगितलं. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं होतं चिडेल. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसं एकमेकांना न बोलता पाठिंबा देतात.

२५ सप्टेंबर, बुधवार

ही बहिणीकडे गेली. चार दिवस मदतीला, असं म्हणाली. बहिणीला कसली मदत हवी आहे ते विचारलं, तर बॅगेची चेन लावत होती. कन्याही गेली. तिथून कॉलेज जवळ पडतं. म्हणजे दोघीही आता साडूच्या घरी. मोहिमेची गुपितं बाहेर जाण्याचा धोका आहे, पण घर शांत असल्याने कामाला वेग येईल.

संकल्प: स्वतः स्वयंपाक. कचरा कमी होतो.

रात्री ब्रेड.

२८ सप्टेंबर, शनिवार

नशीब कसं असतं बघा. व्यायामशाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी सकाळी भरून वाहत राहिली. पंप बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. छतातून पाणी थेट रद्दीवर. शिपाई धावत सांगायला आले. मी शांत. ओल्या कागदाचं वजन कोरड्याच्या कितीतरी जास्त. नियमात 'वजन' म्हटलंय, 'कोरडं वजन' नाही. पंप आणखी थोडा वेळ चालू ठेवायला सांगितलं.

मॅडमना आकड्यांचा अंदाज दिला. त्यांनी विचारलं, हे सगळं नेणार कोण. मी म्हणालो, ते शेवटचं किरकोळ काम.

ब्रेड.

१ ऑक्टोबर, मंगळवार

नोंदणीकृत केंद्राचा भंगारवाला आला. दारातूनच वास घेतला आणि म्हणाला, भिजलेली रद्दी मी घेत नाही, लगदा झालाय, मशीनमध्ये जात नाही. वाळवून द्या. मी म्हणालो, वाळवली तर वजन कमी होईल. त्याने वजनकाटा परत पोत्यात ठेवला. मग म्हणाला, साहेब, तुम्हाला रद्दी विकायचीय की पाणी.

दुसऱ्या एकाला विचारलं. तो सगळं न्यायला तयार होता. पण नियम ९: 'माल फक्त नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच द्यावा.' त्याची नोंदणी नाही. हा नियम मी साडूच्या ओळखीच्या माळ्यांना रोखण्यासाठी घातला होता. माझे नियम काम करतात, एवढं समाधान.

३ ऑक्टोबर, गुरुवार

व्यायामशाळेतली थोडी रद्दी मैदानात वाळत घातली. वारा सुटला. आता रद्दी सगळीकडे आहे. समोरच्या दवाखान्यातून फोन आला. लायब्ररीच्या छपरावर कुणाच्या तरी दहावीच्या वह्या आहेत.

विद्यार्थ्यांना म्हटलं, आपापलं सामान परत न्या. एकही आला नाही. हजेरीची सवलत आधीच देऊन बसलो.

साडूला फोन केला. मोहिमेबद्दल नाही, सहज. ही कशी आहे विचारलं. म्हणाला, बरी आहे, झोपते उशिरा. आणि कंपोस्टचं काय झालं, असं मी ओघात विचारलं. तो म्हणाला, तुझा ११ (ब) वाचल्यावर मुलांनी नियम ९ बघितला. त्यात विकायला आणि द्यायला बंदी आहे, आपल्याच झाडांना घालायला नाही. खड्डे उपसून सगळं खत बागेत पसरलं. खड्डे रिकामे, आणि वापरलेलं खत शिल्लक माल होत नाही. झाडं टवटवीत.

मी अभिनंदन केलं. फोन खराब असल्याने लवकर ठेवावा लागला.

५ ऑक्टोबर, शनिवार

बारा वाजता निरीक्षक आले. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. हसत नाहीत. व्यायामशाळा उघडली, आत बघितलं, नियमांची प्रत काढली आणि ११ (ब) मोठ्याने वाचला. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना छान वाटलं. अर्थ नंतर लक्षात आला.

पुनर्वापर म्हणून आणलेलं सगळं कचरा ठरलं. ओल्या वजनासह. वजन करायला त्यांना संध्याकाळ झाली. त्यांनी विचारलं, तुमच्या कॉलेजात नक्की शिकवतात काय.

शहरातल्या बाकीच्या सगळ्या कॉलेजांचा मिळून जेवढा कचरा, त्याहून जास्त आमचा.

७ ऑक्टोबर, सोमवार

हार मानलेली नाही. अपील केलं. नियम १३ प्रमाणे अपिलाचा निर्णय यजमान कॉलेजचा समन्वयक देतो, म्हणजे मी. मजकूर लिहायला बसलो, तर खाली १३ (क) होता: समन्वयकाच्या स्वतःच्या कॉलेजचा प्रश्न असेल तर सेवेत सगळ्यात ज्येष्ठ असलेला दुसरा समन्वयक निर्णय देईल. तो कोण, हे लिहितानाच लक्षात यायला हवं होतं. मी लिहितो तेव्हा न्यायाचा विचार करतो, नातेवाइकांचा नाही.

साडूने संध्याकाळपर्यंत लेखी निर्णय दिला. नियम इतका स्वच्छ लिहिला आहे की त्याचा दुसरा अर्थच निघत नाही, म्हणून अपील फेटाळलं. माझ्या भाषेला इतकी स्पष्ट दाद आजवर कुणी दिली नव्हती.

मॅडमनी बोलावलं. व्यायामशाळा रिकामी होईपर्यंत माझे तास गणितवाले घेतील. त्यांनी फोन उचलला म्हणे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवस फावडं. लगदा पालिकेच्या गाडीत भरतोय. मासिकांपैकी एक पान हाताला लागलं, त्यावर गुलाबाची वेल होती. टोकाला पेन्सिलीने हिचं अक्षर: 'आईच्या साडीसाठी'. पान हातातच विरघळलं.

पाठ दुखते. आज जेवायला बाहेर गेलो नाही. घरीही काही नव्हतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बक्षीस समारंभ. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं, ते काढून घ्यायला सगळे विसरले. साडूचं कॉलेज दुसरं. पहिलं नर्सिंग कॉलेज. त्यांनी मोहीम वगैरे काही केलीच नव्हती. त्यांच्याकडे टाकण्यासारखं फार काही नसतं.

त्यांच्या बाईंनी भाषणात माझे खास आभार मानले. म्हणाल्या, सरांच्या नियमांचा आमच्या मुलींना फार उपयोग झाला. मी मान थोडी वर केली. पुढे म्हणाल्या, जाड कागद, आणि मागची बाजू पूर्ण कोरी. मुलींनी तीन आठवडे त्यावरच कच्चं काम केलं, नवी वही लागली नाही. बैठकीतही त्या त्यावरच भाजीची यादी करत होत्या.

टाळ्या बराच वेळ चालल्या. कन्या पहिल्या रांगेत होती. ती वाजवत नव्हती. खाली बघत होती. मला वाटतं, माझ्यासाठीच.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी साडूकडे गेलो. सहज, त्या बाजूला होतो. साडूने चहा दिला, स्पर्धेचं नाव काढलं नाही. याच सभ्यपणाचा त्रास होतो. मेहुणी आत गेली ती बाहेर आलीच नाही. कन्या म्हणाली, आईची बॅग भरलेली आहे, दोन दिवस झाले. तुम्ही येता का ते बघत होती.

मी स्टॉपपर्यंत बॅग धरली. माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणालो की चूक माझी होती, आणि ती मासिकं परत मिळणार नाहीत.

हिने विचारलं, तुमची तेवढी एकच चूक का.

मी म्हणालो, बाकीच्या तू सांग.

तिने सुरुवात केली, अगदी लग्नाच्या मांडवापासून. आवाज चढवला नाही, कुठे अडखळलीही नाही. पहिली बस गेली. दुसरी गेली. मी एकदाही मधे बोललो नाही. तिसरी बस आली तेव्हा पहिलं वर्ष संपत होतं. हिनेच हात केला.

खिडकीजवळ जागा मिळाली. बॅग मांडीवर घेतली. दुसरं वर्ष सुरू झालं.