राबातली माती

८ जुलै
रिपोर्ट आले. महाड नि पाचाडच्या भातशेतांतले जीवाणू जवळपास सारखेच. आंबेनळी घाटाखालची, तिन्हींत उंचावरची आमची वाडी मात्र पार वेगळी. पीएचडीचे गाइड सर फोनवर खूश. "उंची! चढत जाऊ तसे जीवाणू बदलतात. हाच आपला पेपर." मी दिवसभर हवेत. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पेपर लिहायच्या आधीच, मूर्ख मी!

११ जुलै
पोलादपूरला उतरून वाडीवर गेले, आत्याला आनंदाची बातमी द्यायला. लावणी चाललेली. वाडीची माती तिनेच भरून पाठवली होती, एप्रिलात मी परीक्षेचे पेपर तपासण्यात अडकलेले. सहज विचारलं, कुठल्या खाचरातली?
"खाचरातली कशाला? राबातली दिली."
राब! रोपांसाठी पालापाचोळा, शेण पसरून भाजलेला तुकडा. भाजल्यावर आधीचे जीवाणू तसेच राहतील होय?
"तुझ्या परीक्षेची माती ना गो? मंग हलकी कशी देऊ? नापास केलं असतं तुला."
ओरडले तिच्यावर, सगळ्या बायकांसमोर. ती खाली वाकून लावत राहिली. चहा न घेता निघाले.

१३ जुलै
लॅबच्या फ्रीजरमध्ये वाडीची एक जुनी पिशवी मिळाली. होळीला गेले तेव्हा राबाशेजारच्या खाचरातून मीच आणलेली. पीएच काढला, जीवाणू बदलतात ते मुख्यतः त्यावर. महाडच्या मातीइतकाच. राबातल्या मातीचा कितीतरी वर. मध्ये काय, तर एक बांध! एका पिशवीवर काही सिद्ध होत नाही, मान्य. पण मग उंचीचं तरी कुठे सिद्ध झालंय?

१४ जुलै
सरांना सांगितलं.
"राब-बिब परीक्षकांना कळत नाही. माती वाडीचीच आहे ना? झालं मग."
म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात तिन्ही गावांतून नीट घेऊ, राबातली वेगळी, खाचरातली वेगळी.
"पीएचडी वर्षभर लांबेल. बघ बाई."
बघ बाई म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली.

१७ जुलै
मसुदा आला. माझं नाव पहिलं. इतकी वर्षं हेच तर हवं होतं... मी एक वाक्य घातलं: 'वाडीची माती भाजलेल्या राबातली आहे.' सरांनी खोडलं. परत घातलं. परत खोडलं, शेजारी शेरा 'अनावश्यक'. जिच्यामुळे कदाचित सगळा फरक पडला, तीच गोष्ट अनावश्यक? शरम नाही वाटत?

२० जुलै
आत्याला फोन केला. आधी फुरंगटलेली. "मला काय म्हाईत गो तुमचं? पुढच्या वक्ताला तुझी तू भर." मग तिनेच विचारलं, जेवलीस का. रडायला आलं.
दुपारी सरांचा मेसेज. 'संध्याकाळपर्यंत होकार दे. नाहीतर तुझं नाव काढून पेपर पाठवतो.'
म्हणजे माती आमची, ओझी मी वाहिली, खोटं यांचं, आणि जाणार माझं नाव!
उत्तर टाइप केलंय: 'माझं नाव काढणार असाल तर आमच्या वाडीची मातीपण काढा.'
अजून पाठवलेलं नाही.  राग आहेच, पण वर्ष जाणार याची भीतीही.