अर्धा टँकर

दि. ४ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. दुधाचा भरलेला टँकर उतारावर आवरत नाही, असं तू लिहिलंस. मी तडक तुमच्या डेअरीच्या मॅनेजरना गाठलं. सोमवारपासून तुला अर्धा भरलेला टँकर मिळेल. वजन अर्धं, घोर अर्धा! घोड्याएवढा झालास तरी तुझी काळजी मीच वाहायची का? आता वेळेवर जेव. माया आहेच, ती धाडते.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज उतारावर लाल दिवा लागला. ब्रेक दाबला, टँकर थांबला, म्हणून पाय सैल केला. तेवढ्यात मागून कुणी धडक द्यावी तसा दणका बसला. मागे कुणीच नव्हतं. गाडी थांबली होती, पण आतलं दूध थांबलं नव्हतं. ते पुढच्या पत्र्यावर आदळलं आणि टँकरला ढकलत घेऊन गेलं.

समोरून एक आजी रस्ता ओलांडत होत्या. बंपर त्यांच्या काठीला लागला. त्यांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली. उतरून पाय धरावेत असं वाटत होतं, पण ब्रेकवरचा पाय उचलायची हिंमत होईना.

टाकी भरलेली असली की दुधाला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत त्याला मोकळं रान! दूध अडवायला आत आडव्या भिंती घालाव्यात, तर टाकी नीट धुता येत नाही. ताई, मला फार भीती वाटते. आशीर्वाद असू दे.
तुझा धाकटा

दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. भलं करायला गेले आणि तुझ्याच जिवावर उठले.

पुन्हा मॅनेजरना गाठलं, तर ते हसले. म्हणाले, अर्ध्या वजनाला कसलं घाबरायचं? मी धुण्याचा टब अर्धा भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, भरभर चाला आणि दारात एकदम थांबा. ते थांबले, पाणी थांबलं नाही. शर्टापासून बुटांपर्यंत न्हाले. एरवी मी पोट धरून हसले असते, पण तेव्हा रडूच फुटलं. उद्यापासून तुला भरलेला टँकर. जपून राहा रे.
तुझी ताई

दि. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. भरलेला टँकर मिळाला. पण सकाळचं दूध अर्ध्या टाकीपुरतंच असतं, ते कुणीतरी आणायलाच हवं. ते काम आमच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांच्या गळ्यात पडलं. काकांचा गुडघा दुखतो, म्हणून गाडी थांबली की ते लगेच ब्रेकवरचा पाय उचलतात. काल आवारात डोळ्यांनी पाहिलं. सांगितलं, तर म्हणाले, गुडघा ऐकत नाही.

मी अर्धा टँकर परत मागून घेतला. रागावू नकोस. मला शूरही समजू नकोस, भीती तेवढीच आहे. आता लांबूनच वेग कमी करतो. थांबल्यावर दूध पुढे आदळतं, मागे जातं, पुन्हा पुढे येतं. मागचे लोक हॉर्न वाजवून कान किटवतात. मी ब्रेक दाबून बसतो.

पत्र यायला उशीर झाला तर वाईट मनात आणू नकोस. कुठल्यातरी उतारावर दूध शांत व्हायची वाट बघत असेन. तुझी माया पाठीशी राहू दे.
तुझा धाकटा